शून्य आल्याने काय बदलले?

गणिताच्या पुस्तकात संख्यांची ओळख करून देताना दोन ओळी हमखास दिलेल्या असतात. पहिली ओळ अशी : १, २, ३, ४, ... या नैसर्गिक संख्या. दुसरी अशी : ०, १, २, ३, ४, ... या पूर्ण संख्या. फरक काय तो एका संख्येचा. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला शून्य बसवले की दुसरी ओळ तयार! त्यानंतर संवृतता, क्रमनिरपेक्षता, साहचर्य, वितरण अशी भारदस्त नावे येतात. ती आपण पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरून जातो. ‘दोन अधिक तीन म्हणजेच तीन अधिक दोन, यात सांगण्यासारखे ते काय?’ असे मनात येते. पण वर्गात उठून विचारण्याचा धीर होत नाही.

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे, शून्याचे चिन्ह नसताना लोक संख्या कशा लिहीत ते पाहणे. त्याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच दगडावर कोरलेला आहे.

नाणेघाटातील संख्या

पुणे जिल्ह्यातील जुन्नरजवळ नाणेघाट आहे. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी ही जुनी व्यापारी वाट. तेथील लेण्यात सातवाहन काळातील एक मोठा शिलालेख आहे. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा असून राणी नागनिकेचा मानला जातो. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची यादी त्यात आहे. त्यामुळे गाई, हत्ती, नाणी यांचे आकडे जागोजागी येतात. लिपी ब्राह्मी. हे अंक उलगडण्याचे महत्त्वाचे काम पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) यांनी केले.

ब्राह्मी लिपी आमच्या पवनीलाही परकी नाही. वैनगंगेच्या काठी वसलेल्या या गावात जगन्नाथ टेकडीवर १९६९–७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. तेव्हा प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. त्याच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मीतच कोरलेली आहेत.

आता नाणेघाटातील आकडे पाहा. त्यात १,७०० गाईंचा उल्लेख आहे. आपण ही संख्या चार अंकांनी लिहितो. त्यांत दोन शून्ये असतात. तेथे मात्र दोनच चिन्हे आहेत : एक हजाराचे आणि दुसरे सातशेचे. २४,४०० या संख्येला तीन चिन्हे पुरली : वीस हजार, चार हजार, चारशे. २८९ साठीही तीन : दोनशे, ऐंशी, नऊ. दहा, वीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती. शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले की चारशे होत. जे नाही ते लिहायचेच नाही. मग शून्य हवे कशाला?

शून्याविना काय काय जमते?

‘शून्य नव्हते म्हणजे गणितच नव्हते’ असे कोणी समजू नये. नैसर्गिक संख्यांचे बहुतेक गुणधर्म शून्यावाचून उभे राहतात. ते एकेक तपासू.

पहिला गुणधर्म क्रमाचा. १ ही सर्वांत लहान नैसर्गिक संख्या. प्रत्येक संख्येच्या पुढे एक संख्या असतेच. म्हणून सर्वांत मोठी नैसर्गिक संख्या नाही. कोणी ‘ही शेवटची’ म्हणून एखादी संख्या सांगितली, तर तिच्यात १ मिळवून आपण त्याला निरुत्तर करू शकतो.

दुसरा गुणधर्म संवृततेचा. कोणत्याही दोन नैसर्गिक संख्यांची बेरीज किंवा गुणाकार करा. उत्तर नैसर्गिक संख्याच येते. या क्रिया आपल्याला संख्यांच्या कुंपणाबाहेर जाऊ देत नाहीत.

तिसरा गुणधर्म क्रमनिरपेक्षतेचा. बेरजेच्या बाबतीत तो उघड दिसतो. पण ७ × १२ आणि १२ × ७ सारखेच कसे? बारा जणांना सात-सात रुपये देणे आणि सात जणांना बारा-बारा देणे हे दोन वेगळे व्यवहार आहेत. त्यांची रक्कम सारखी यावी, हे सिद्ध करायला हवे. धानाच्या बांधीत रोवणी चालली आहे, असे समजा. सात ओळी, प्रत्येक ओळीत बारा रोपे. धुऱ्यावर एका बाजूला उभे राहिलात तर ७ ओळी १२-१२ रोपांच्या दिसतात. वळून शेजारच्या धुऱ्यावर गेलात तर १२ ओळी ७-७ रोपांच्या दिसतात. रोपे तीच, ८४. कोणतेही दोन आकडे घेतले तरी हीच युक्ती लागू पडते.

चौथा गुणधर्म साहचर्याचा. ८ + ७ + ३ ही बेरीज करताना आपण आधी ७ + ३ = १० करतो आणि मग ८ मिळवतो. (८ + ७) + ३ आणि ८ + (७ + ३) यांचे उत्तर एकच, हा भरवसा असल्यामुळेच ते करता येते. गुणाकारातही हेच चालते.

पाचवा गुणधर्म वितरणाचा, आणि हा सर्वांत कामाचा. २८९ ला ७ ने गुणायचे आहे. २८९ म्हणजे २०० + ८० + ९. प्रत्येकाला ७ ने गुणू : १४०० + ५६० + ६३ = २०२३. आपण कागदावर ‘हातचा’ घेऊन गुणाकार करतो, त्यामागे हाच नियम असतो. आणि दोनशे, ऐंशी, नऊ ही तर नाणेघाटातील तीन चिन्हेच झाली! तेव्हा गुणाकाराची किल्ली शून्यात नसून वितरणाच्या गुणधर्मात आहे. शून्याने लेखन सोपे केले. दहा अंकांत कोणतीही संख्या मावू लागली आणि प्रत्येक दशक-शतकासाठी नवे चिन्ह लक्षात ठेवण्याची गरज उरली नाही.

कुठे अडते?

अडते ते वजाबाकीत. १२ पोत्यांतून ५ विकली, ७ उरली. बाराही विकली, तर किती उरली? नैसर्गिक संख्यांच्या यादीत याचे उत्तर नाही. व्यवहारात आपण ‘काही उरले नाही’ असे म्हणून मोकळे होतो. पण गणिताला शब्द पुरत नाही. पुढच्या बेरजेत वापरता येईल अशी संख्या हवी.

म्हणजे शून्याची दोन कामे आहेत, आणि ती वेगळी ओळखली पाहिजेत. ३०५ मध्ये ते रिकामी जागा दाखवते. १२ − १२ चे उत्तर म्हणून ते स्वतःच एक संख्या असते. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातील इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० या संख्या आजच्यासारख्या शून्य देऊन कोरलेल्या आहेत. हे पहिले काम. दुसरे काम त्याआधीच सुरू झाले होते. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात शून्याची बेरीज, वजाबाकी व गुणाकार कसा करावा याचे नियम दिले.

ते नियम तुम्हांला ठाऊक आहेत. कोणत्याही संख्येत शून्य मिळवले तर ती संख्या बदलत नाही. म्हणून शून्याला बेरजेचा अविकारक घटक म्हणतात. कोणत्याही संख्येला शून्याने गुणले की शून्य येते. हा दुसरा नियम निव्वळ पाठ करू नका. तो जुन्या गुणधर्मांतून काढता येतो. पाहा :

५ × (० + १) = ५ × १ = ५.
वितरणाने, ५ × (० + १) = ५ × ० + ५ × १ = ५ × ० + ५.
म्हणून ५ × ० + ५ = ५.

पाचात काहीतरी मिळवले आणि पाचच राहिले. तर ते ‘काहीतरी’ शून्यच असले पाहिजे. थोडक्यात, नवीन संख्येला घरात घेताना आपण जुने नियम मोडले नाहीत. त्या नियमांनीच नव्या संख्येची वागणूक ठरवून दिली. क्रमनिरपेक्षता, साहचर्य, वितरण ही नावे महत्त्वाची आहेत ती यासाठी.

वजाबाकीची अडचण मात्र अर्धीच सुटली. १२ − १२ चे उत्तर मिळाले, १२ − १५ चे नाही. त्यासाठी ऋण संख्या घ्याव्या लागतात आणि पूर्णांक संख्यांचे नवे कुटुंब तयार होते.

शून्यामुळे आलेले बंधन

शून्य आले आणि एक सवलत गेली. नैसर्गिक संख्यांत ३ × अ = ३ × ब असेल, तर दोन्ही बाजूंचा ३ काढून टाकून अ = ब असे बेधडक लिहिता येते. पण ० × ५ = ० × ७ हे खरे आहे; तेथे शून्य काढून ५ = ७ लिहिता येईल काय? मुळीच नाही. शून्याने भागायचे नाही, याचे कारण हेच. ६ ÷ ० म्हणजे, ज्या संख्येला शून्याने गुणल्यावर ६ येतील ती संख्या. अशी एकही नाही. ० ÷ ० म्हणजे, जिला शून्याने गुणल्यावर शून्य येईल ती संख्या. अशी तर प्रत्येकच संख्या! एकीकडे उत्तर नाही, दुसरीकडे उत्तरांची गर्दी. म्हणून हा भागाकार अर्थहीन ठरतो.

ही गोष्ट थोरांनाही सहज उमगली नाही. ब्रह्मगुप्ताने ० ÷ ० चे उत्तर ० दिले होते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) एक उदाहरण आहे : एका संख्येला शून्याने गुणून, आलेल्यात त्याचाच अर्धा भाग मिळवून, तिप्पट करून, शून्याने भागले असता ६३ येतात, तर ती संख्या कोणती? उत्तर दिले आहे १४. आजच्या नियमांनी येथे ० ÷ ० येते आणि गाडी थांबते. पण शून्याच्या जागी अगदी लहान संख्या घेऊन पाहा. १४ ला ०.००१ ने गुणले तर ०.०१४, त्यात अर्धा भाग मिळवून ०.०२१; तिप्पट ०.०६३, आणि ०.००१ ने भागल्यावर ६३! पुढे महाविद्यालयात तुम्ही ‘सीमा’ नावाची कल्पना शिकाल, तेव्हा या उदाहरणाची आठवण ठेवा.

तुमच्या रोजच्या अभ्यासातही हे बंधन आडवे येते. क्ष² = ५क्ष हे समीकरण दिले की पुष्कळ मुले दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५ लिहितात. क्ष = ० हे दुसरे उत्तर त्या भागाकारात हरवते.

मोजणी एकपासून, मापन शून्यापासून

वस्तू मोजताना आपण एकपासून सुरुवात करतो. खळ्यावर धान्य मोजताना पुष्कळ ठिकाणी ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात, पुढे दोन, तीन. शून्य कोणी मोजत नाही. पण लांबी किंवा काळ मापताना सुरुवात शून्यापासून होते, फूटपट्टी पाहा.

ही दोन्ही कामे एकमेकांत मिसळली की घोटाळा होतो. सुमारे एक मीटर लांबीचा लंबक घ्या. त्याचा आवर्तकाल २ सेकंद असतो. २० आंदोलनांना ४० सेकंद लागतात. आता समजा, घड्याळ सुरू करताना कोणी ‘एक’ म्हटले. ‘वीस’ म्हणेपर्यंत १९ च आंदोलने झाली, ३८ सेकंदांत. ३८ ला २० ने भागून आवर्तकाल १.९ सेकंद निघतो, आणि गुरुत्वीय त्वरण ९.८ ऐवजी सुमारे १०.९ येते. उपकरण उत्तम, घड्याळ उत्तम. फरक एका शून्याचा. घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ म्हणावे, ते यासाठी.

इसवी सनाच्या कालगणनेतही शून्य वर्ष नाही. इ. स. पू. १ नंतर लगेच इ. स. १ येते. त्यामुळे इ. स. पू. ५० च्या १ जानेवारीपासून इ. स. ५० च्या १ जानेवारीपर्यंत १०० नव्हे, ९९ वर्षे होतात. सातवाहनांचा इतिहास वाचताना हे ध्यानात ठेवा. खगोलशास्त्रज्ञांनी ही अडचण ओळखून इ. स. पू. १ ला शून्य वर्ष मानले आहे.

सोडवून पाहा

१. (१२ − ५) − ३ आणि १२ − (५ − ३) यांची उत्तरे काढा. (अ − ब) − क आणि अ − (ब − क) ही उत्तरे समान केव्हा येतील?

२. सम नैसर्गिक संख्या बेरजेसाठी संवृत आहेत काय? गुणाकारासाठी? विषम संख्यांचे काय?

३. पुस्तकाची ३७ ते ६४ ही पाने वाचायची आहेत. एकूण पाने किती?

४. बेरजेचा अविकारक घटक शून्य आहे. गुणाकाराचा कोणता? तो नैसर्गिक संख्यांत आहे काय?

शिक्षकांना एक विनंती. गुणधर्मांची नावे फळ्यावर लिहिण्याआधी तिसरे उदाहरण वर्गात तोंडी विचारावे. काही मुले २७ म्हणतील, काही २८. कोण बरोबर आणि का, यावर मुलांना आपसांत वाद घालू द्यावा. त्या वादातून मोजणे आणि वजा करणे यांतला फरक त्यांचा त्यांनाच सापडेल, आणि शून्य यादीच्या सुरुवातीला कशासाठी बसवले आहे तेही कळेल.