दोन वर्गांचा एक पाठ

विद्या दिल्यानें वाढते, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु हें देणें-घेणें बहुधा एकाच खोलींत, एका गुरूपासून त्याच्या शिष्यांपर्यंत चालतें. एका वर्गानें दुसऱ्या वर्गास कांहीं शिकवावें, आणि शेंकडों कोसांवरील दोन शिक्षकांनीं मिळून एकच पाठ द्यावा, ही गोष्ट इंटरनेटमुळें आज सुलभ झाली आहे. ती कशी घडते, तिच्यांत शिक्षकांचें काम कोणतें, आणि तिचा खरा लाभ केव्हां पदरांत पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. १९२० सालीं फ्रान्सच्या आग्नेय भागांतील बार-स्युर-लू या खेड्याच्या शाळेंत सेलेस्तँ फ्रेने नांवाचा एक तरुण शिक्षक रुजू झाला. पहिल्या महायुद्धांत त्याच्या फुप्फुसास जबर जखम झाली होती. त्यामुळें फार वेळ मोठ्यानें बोलणें त्यास कठीण जाई. पुढें त्यानें वर्गांत एक लहानसें छापयंत्र आणिलें. मुलांनीं आपल्या गांवाविषयीं लिहावें, स्वतः खिळे जुळवून तें छापावें, आणि तीं पानें देशाच्या दुसऱ्या टोंकास, ब्रिटनी प्रांतांतील समुद्राजवळच्या एका शाळेस टपालानें पाठवावीं, असा क्रम त्यानें सुरू केला. तिकडील मुलें आपलीं पानें उलट टपालीं पाठवीत. आपल्या गांवांत सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट दूरच्या मुलांस समजेल अशा रीतीनें लिहावयाची, तर ती प्रथम आपणांस नीट पाहावी लागते. हाच त्या पत्रव्यवहारांतील मोठा धडा होता.

टपालाची जागा पुढें संगणकानें घेतली. १९८८ सालीं, अमेरिका व सोव्हिएत संघ यांचें वैर अद्यापि सरलें नसतां, न्यूयॉर्क राज्यांतील १२ आणि मॉस्कोमधील १२ शाळा संगणक व दूरध्वनीच्या तारा यांच्या साह्यानें एकमेकींशीं जोडण्यांत आल्या. त्यांतूनच 'आयअर्न' ही अनेक देशांतील शिक्षकांस जोडणारी संस्था उदयास आली. १९९५ सालीं 'ग्लोब' नांवाचा उपक्रम सुरू झाला. त्यांत विद्यार्थी आपल्या शाळेजवळील पाऊस, तपमान इत्यादींचीं मोजमापें घेऊन शास्त्रज्ञांच्या उपयोगासाठीं नोंदवितात. २००५ सालीं युरोपांतील शाळांच्या जोड्या जुळविणारा 'ई-ट्विनिंग' हा उपक्रम निघाला. साधनें बदलत गेलीं. परंतु दोन वर्गांत एक काम वांटून घ्यावयाचें, हें सूत्र तेंच राहिलें.

येथें एक प्रश्न उपस्थित होतो. जें आपल्या वर्गांत पुस्तकावरून शिकतां येतें, त्यासाठीं दुसऱ्या शाळेस कशाला त्रास द्यावयाचा? प्रश्न रास्त आहे. जो पाठ एक वर्ग एकट्यानें पुरा करूं शकतो, त्यासाठीं दुसऱ्याशीं केलेली जोडणी ही निवळ हौस होय. परंतु कांहीं पाठ असे आहेत कीं, ते एका ठिकाणीं बसून पुरे होतच नाहींत. त्यांतील एक येथें सविस्तर पाहूं.

इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत इजिप्त देशांतील अलेक्झांड्रिया नगरींत एराटोस्थेनीस नांवाचा ग्रीक पंडित होता. दक्षिणेकडील सायीनी नगरांत उन्हाळ्यांतील सर्वांत मोठ्या दिवशीं मध्याह्नीं सूर्य बरोबर डोक्यावर येतो, हें त्यास माहीत होतें. त्याच वेळीं अलेक्झांड्रियेंत मात्र सूर्य माथ्यापासून वर्तुळाच्या ५० व्या भागाइतका, म्हणजे ७.२ अंश, ढळलेला असे. दोन्ही नगरांमधील अंतर ५,००० स्टेडिया मानून त्यानें त्याची ५० पट केली, व पृथ्वीचा परीघ २,५०,००० स्टेडिया ठरविला. दोन ठिकाणांची माहिती हातीं आल्यावांचून हें गणित त्यास मांडतांच आलें नसतें.

हाच प्रयोग अनेक देशांतील शाळांनीं इंटरनेटवरून एकमेकींस आंकडे कळवून केला आहे. आपणांसही तो करतां येईल. समजा, कोल्हापूर व नागपूर येथील दोन शाळांनीं तो करावयाचें ठरविलें. दिवस २१ मार्चचा घ्यावा. त्या सुमारास दिवस व रात्र समान असतात, आणि आकाशही बहुधा निरभ्र असतें. दोन्ही शाळांनीं सपाट जमिनीवर १ मीटर उंचीची काठी ओळंब्यानें अगदीं सरळ उभी करावी, आणि मध्याह्नाच्या सुमारास दर दोन-दोन मिनिटांनीं सांवलीच्या टोंकाशीं खूण करावी. सर्वांत आंखूड सांवली ती मध्याह्नाची. घड्याळांतील बारा वाजण्यावर मात्र विसंबूं नये. नागपूर पूर्वेस असल्यामुळें तेथें मध्याह्न कोल्हापूरच्या आधीं सुमारें १९ मिनिटें होतो.

कोल्हापूरची सांवली सुमारें ३० सेंटिमीटर भरेल, व नागपूरची सुमारें ३८.६. कागदावर काठी व सांवली प्रमाणांत काढून कोनमापक लाविला, तर काठी आणि सूर्यकिरण यांमधील कोन कोल्हापुरास १६.७ अंश व नागपुरास २१.१ अंश येतो. फरक ४.४ अंशांचा. आतां अंतर पाहूं. दोन्ही शहरांमधील सरळ अंतर सुमारें ७०० किलोमीटर आहे; परंतु तें तिरपें आहे. आपणांस केवळ दक्षिणोत्तर अंतर हवें. नकाशावर मोजल्यास तें सुमारें ४९० किलोमीटर भरतें. ३६० ला ४.४ नें भागून आलेल्या संख्येस ४९० नें गुणावें. उत्तर सुमारें ४०,१०० किलोमीटर येतें. ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा खरा परीघ सुमारें ४०,००० किलोमीटर आहे. दक्षिणोत्तर अंतराच्या जागीं ७०० किलोमीटर धरले असते, तर उत्तर ५७,००० च्या वर गेलें असतें.

आतां या प्रयोगांतील खरी गोम ध्यानांत घ्या. दोहोंपैकीं एका शाळेनें सांवली मोजतांना केवळ अर्ध्या सेंटिमीटरची चूक केली, तर परिघाचें उत्तर दोन हजार किलोमीटरांहून अधिक चुकतें. कोल्हापूरचा विद्यार्थी कितीही हुशार असो, नागपूरच्या विद्यार्थ्यानें काठी तिरपी रोविली किंवा आंकडा अंदाजानें लिहिला, तर दोघांचेंही गणित फसतें. ज्यास आपण कधीं पाहिलें नाहीं, त्याच्या सचोटीवर आपलें उत्तर अवलंबून आहे, आणि आपल्या सचोटीवर त्याचें. हा अनुभव एकाच खोलींत बसून दिलेल्या परीक्षेंत येत नाहीं. शिवाय येथें शाळेचा डामडौल कामास येत नाहीं. भव्य इमारतीच्या शाळेस जी काठी लागते, तीच वाडीवरील एकशिक्षकी शाळेस लागते. आणि वाडीचा आंकडा शहराच्या आंकड्याइतकाच मोलाचा असतो. अशा शाळा मधल्या अक्षांशांवर आणखी मिळाल्या, तर चुका परस्परांत विरून उत्तर अधिक भरंवशाचें होतें.

अशा पाठाचा मुख्य भार शिक्षकांवर असतो, व तो बव्हंशीं पाठ सुरू होण्यापूर्वींच उचलावा लागतो. दोन्ही शिक्षकांनीं प्रथम एकच प्रश्न निश्चित करावा. काठी किती उंच, मोजमाप कोणत्या एककांत, मध्याह्न कसा ओळखावयाचा, आंकडे कोणत्या दिवसापर्यंत कळवावयाचे, हें सर्व लिहून घ्यावें. दोन्ही शाळांच्या सुट्या व परीक्षा पाहून दिवस नेमावा. भाषा निराळ्या असल्यास कोणत्या भाषेंत लिहावयाचें तें ठरवावें. संख्या आणि आकृत्या यांस दुभाष्या फारसा लागत नाहीं, हें येथें सोयीचें आहे. मुलांचें पूर्ण नांव, घरचा पत्ता किंवा छायाचित्र पालकांच्या संमतीवांचून बाहेर जाऊं देऊं नये. आणि काम संपल्यावर दोन्ही वर्गांनीं एकमेकांच्या चुका सौजन्यानें दाखवाव्या; कारण पाठाचा अर्धा लाभ त्या चर्चेंतच असतो.

पुष्कळ गांवांत वीज व इंटरनेट यांची खात्री नसते, हें खरें. परंतु दोन वर्गांनीं एकाच क्षणीं पडद्यावर समोरासमोर आलेंच पाहिजे, असें नाहीं. चार आंकडे व दहा ओळींचें पत्र शिक्षकाच्या एका साध्या फोनवरून रात्रीं केव्हांही पाठवितां येतें. तसें पत्र मुलें विचार करून लिहितात, व दुसरीं मुलें तें पुन्हां पुन्हां वाचतात. पडद्यावरील भेटीचा आनंद मोठा खरा. तो कामाच्या शेवटीं ठेवावा.

लहान गांवांतून असें काम होऊं शकतें, याचें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यांतील परितेवाडी येथें जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंत शिकविणारे श्री. रणजितसिंह डिसले यांस २०२० सालीं 'ग्लोबल टीचर प्राइज' हें १० लक्ष डॉलरांचें पारितोषिक मिळालें. भारत व पाकिस्तान, इस्राएल व पॅलेस्टाइन अशा कलहग्रस्त प्रदेशांतील तरुण विद्यार्थ्यांस इंटरनेटवरून एकत्र आणणारा 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स' हा उपक्रम त्यांनीं चालविला होता. पारितोषिकाची अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर ९ शिक्षकांस वांटून दिली. दूरचा शिक्षक हा आपला सहकारी आहे, ही भावना या कृतींत स्पष्ट दिसते.

पालकांस येथें एक शब्द सांगावासा वाटतो. २०२० सालीं महामारीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां मुलें घरोघरीं पडद्यासमोर एकटीं बसून पाठ ऐकत होतीं. त्या दिवसांची आठवण असल्यामुळें इंटरनेटवरील शिक्षणाविषयीं आपल्या मनांत शंका असणें स्वाभाविक आहे. परंतु येथें वर्णिलेल्या पाठांत मूल एकटें नसतें. तें उन्हांत काठी रोवतें, सोबत्यांशीं वाद घालतें, मोजतें व लिहितें. पडदा हा येथें फक्त डाकवाला आहे. तेव्हां आपलें मूल अशा कामांत असेल, तर आज तूं दुसऱ्या शाळेस काय पाठविलेंस, आणि तें नीट तपासून पाठविलेंस ना, एवढें त्यास अवश्य विचारावें.

आणि विद्यार्थिमित्रहो, आपलें गांव लहान, आपली शाळा साधी, तेव्हां आपल्यापाशीं जगास देण्याजोगें काय असणार, असा विचार कधींही मनांत आणूं नका. तुमच्या अंगणांत मध्याह्नीं पडणारी सांवली कितीची, हें तुमच्यावांचून दुसरें कोण मोजणार? ती काळजीपूर्वक मोजा, खरी लिहा, आणि आपल्या गुरुजींच्या हस्तें दूरच्या मित्रांस कळवा. त्यांचें गणित तुमच्या उत्तरासाठीं अडून राहिलें असेल.