पाठ टेकली तरी लढत बाकी असते

धामणगाव रेल्वे

चि. बापू,

पिंजऱ्यातल्या लढतींसाठी (एमएमए) चाललेल्या तुझ्या सरावाचे व्हिडिओ ताईच्या फोनवर आले. ताई एकदा पाहून उठली, तुला ठोसे बसताना तिला पाहवत नाही. मी मात्र थांबवून थांबवून पाहिले. दोन्ही पाय धरून पाडायचा तुझा दुहेरी पट अजून तसाच तेज आहे, कमरेत तीच ताकद आहे, आणि समोरचा खाली गेल्यावर अंगाचा भार कसा टाकायचा हे तिथल्या कोचनं तुला शिकवायची गरज नाही. पण बापू, तू पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी सापडतोस. पाय निसटला, तोल गेला की तू झटकन पालथा होतोस आणि समोरच्याला पाठ देतोस. हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

ही सवय तुझी एकट्याची नाही, आपल्या कुस्तीच्या विद्येनंच ती लावली आहे. मातीत दोन्ही खांदे टेकले की कुस्ती संपली. म्हणून लहानपणापासून पैलवान पडता पडता वळायला शिकतो. पोटावर येतो, कोपरं आत घेतो, मान आखडतो आणि दम खातो. वरचा घाम गाळत राहतो आणि खालचा वाचतो. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झबिस्को यांची कुस्ती झाली, तेव्हा झबिस्को सुमारे अडीच तास असाच जमिनीला चिकटून राहिला. गामासारख्या मल्लालाही तो उलथवता आला नाही आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवडाभरानं पुन्हा लढायचं ठरलं, झबिस्को आलाच नाही, आणि पट्टा गामाला मिळाला. पुढं १९२८ मध्ये पतियाळ्याला गामानं त्याला मिनिटाच्या आत चीत केलं. तरी लंडनला त्या दिवशी झबिस्कोला त्याच्या पालथं पडण्यानंच वाचवलं, हे मान्य करावं लागतं.

आता हाच झबिस्को पिंजऱ्यात उतरला आहे असं धर. तो पालथा झाला की वरचा त्याच्या पाठीवर बसेल आणि दोन्ही पाय त्याच्या जांघांच्या आत अडकवेल. मातीत तू बांधायचास तीच सवारी. डोक्याच्या मागच्या भागावर आणि मणक्यावर मारायला मनाई आहे, पण कानशिलावर, गालावर ठोसे चालतात. ते चुकवायला खालचा मान हलवतो, हात वर नेतो, आणि तेवढ्यात वरच्याचा हात हनुवटीखालून आत जातो. कोपराचा खळगा बरोबर गळ्यासमोर येतो, एका बाजूला दंड, दुसऱ्या बाजूला मनगटाकडचा हाडाचा भाग. यात श्वास कोंडत नाही. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि गळ्याचा हा फास, म्हणजे चोक, नीट बसला तर दहा सेकंदांच्या आत माणसाची शुद्ध जाते. तिथं ताकद कामाला येत नाही. दीडशे किलोची मानही त्यापुढं मानच असते.

यातून सुटायचा मार्ग पैलवानाच्या मनाला फार जड जातो, म्हणून तो नीट समजून घे. पहिलं काम त्या हाताचं. हनुवटी छातीला लावून भागेल असं समजू नको, जबड्यावरूनही तो हात आवळता येतो. तुझ्या दोन्ही हातांनी त्याच्या गळ्याकडच्या हाताचं मनगट धर आणि खाली ओढून छातीशी पकडून ठेव. मग कंबर एका बाजूला सरकव आणि आपली पाठ मॅटवर टेकव. होय, टेकव. आधी एक खांदा, मग दुसरा. तुझ्या पाठीमागं जमीन आली की तिथं तो राहू शकत नाही. त्यानंतर त्याच्याकडे तोंड फिरव, गुडघे दोघांच्या मधे आण. मातीत ज्याला हार म्हणतात त्या जागेवर जाऊन तू तिथं वाचतोस.

१९९३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत डेन्व्हरला पिंजऱ्यातल्या लढतींची पहिली यूएफसी स्पर्धा झाली. तिथं ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीनं एका रात्रीत तिघांना शरण आणलं. त्याची सगळी विद्या जमिनीवरची होती. पाठीवर पडलेल्या माणसाचे दोन हात आणि दोन पाय मोकळे असतात, वरच्याला मात्र तोल सांभाळायचा असतो, हे जगानं तेव्हा पाहिलं. तुला पाठीवर राहून जिंकायची हौस धरायची नाही, कारण तिथं मारही जास्त बसतो. तुला फक्त उठायचंय. पाय त्याच्या कमरेला लाव, ढकलून अंतर कर, एक हात मागं टेक, दुसरा तोंडासमोर ठेव, खालचा पाय अंगाखालून मागं ओढ आणि त्याच्याकडे तोंड ठेवूनच उभा राहा. रोज सरावाच्या आधी आणि शेवटी एवढं उठणं कर. जोर-बैठकांइतकंच नेमानं.

आता तुझ्या पटाकडे येतो. पट चांगला आहे हे वर लिहिलंच, पण शिरताना तुझी नजर खाली जाते आणि मान समोरच्याच्या बगलेखाली जाते. मातीत याचं फारसं भय नाही, कारण गळा आवळून कुस्ती मारता येत नाही. इथं तीच मान तो बगलेत घेतो, हात गुंफतो आणि वर उचलतो. याला गिलोटिन म्हणतात. यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय आपला मराठी पोरगाच होता, भरत खंडारे, तोही कुस्तीच्या पायावर उभा राहिलेला. २५ नोव्हेंबर २०१७ ला शांघायमध्ये चीनच्या साँग यादाँगनं त्याला पहिल्याच फेरीत गिलोटिननं संपवलं. साँग तेव्हा विशीतही नव्हता. भरतनं जे दार उघडलं त्याचं मोल मला मोठं वाटतं, आणि त्याच्या त्या लढतीतून शिकणं हाच त्याचा मान आहे असं मी समजतो.

म्हणून डोकं वर ठेवून शिर. पाठ सरळ, कान त्याच्या बरगडीला घट्ट, गुडघा त्याच्या दोन पायांच्या मधे. एकेरी पटात डोकं आतल्या बाजूला, त्याच्या छातीशी ठेव, मान बरीच सुरक्षित राहते. दुहेरी पटात डोकं बाहेर जातं, म्हणून पाय हाती आल्यावर सरळ रेटत बसू नको, लगेच बाजूला वळ. एवढं करूनही मान सापडलीच तर घाबरून मागं ओढू नको, त्यानं फास आणखी आवळतो. एका हातानं त्याचा हात धर, दुसरा त्याच्या खांद्यावरून पलीकडे टाक, आणि खाली गेल्यावर मान ज्या बाजूला अडकली आहे त्याच्या उलट बाजूला जा. तिथं तुझा खांदा त्याच्या गळ्यावर भार देतो आणि त्यालाच हात सोडावा लागतो.

पटाच्या आधी ठोसा हवा. बेन ॲस्क्रेन हा अमेरिकेचा २००८ च्या ऑलिंपिकमधला मल्ल. जुलै २०१९ मध्ये जॉर्ज मास्विडालसमोर घंटा होताच तो खाली वाकून पायात शिरायला गेला, आणि धावत आलेल्या मास्विडालचा उडता गुडघा त्याच्या डोक्यावर बसला. पाच सेकंदांत लढत संपली. ॲस्क्रेनची कुस्ती कमी नव्हती, पण तो काय करणार हे समोरच्याला ठाऊक होतं. याच्या उलट खबीब नूरमागोमेदोव पाहा. ऑक्टोबर २०१८ मध्ये मॅकग्रेगरसारख्या ठोशाच्या राजाला त्यानं दुसऱ्या फेरीत उजव्या हाताच्या ठोशानं खाली बसवलं. मॅकग्रेगरचं सगळं लक्ष खबीबच्या पटाकडे होतं, हात थोडे खाली होते, आणि ठोसा वरून आला. चौथ्या फेरीत मान आवळून खबीबनं लढत संपवली. यातली खूण धरून ठेव. समोरच्याला पटाची धास्ती असेल तर तुझा साधा ठोसाही लागतो, आणि ठोशानं त्याचे हात वर गेले की पाय आपोआप मोकळे मिळतात. डाव्या हाताचा जॅब डोळ्यासमोर टाक, तो हात उचलेल त्याच क्षणी गुडघ्यात वाक. आपल्याकडे खडाखडीत मनगट ओढून, मानेला झटका देऊन आपण हेच करतो. तिथं मनगटाच्या जागी मूठ आली, एवढाच फरक.

उभं राहताना पुढच्या पायावर एवढा भार नको. मातीत तो चालतो, इथं भार असलेल्या पायावर पोटरीच्या बाहेरच्या बाजूला लाथ बसली तर गुडघ्याखालची शीर बधिर होते आणि पाऊल उचलत नाही. पट मग कशाच्या जोरावर काढणार? आणि ग्लोव्हज चार औंसाचे असतात, बॉक्सिंगच्या मोठ्या ग्लोव्हजसारखे त्यांच्याआड लपता येत नाही. मूठ फटीतून आत येते. डोकं हलतं ठेव.

डावांपैकी बगलडूब जपून ठेव, समोरच्याच्या हाताखालून पाठीमागं जायला त्याच्यासारखा डाव पिंजऱ्यातही दुसरा नाही. सवारी तर तुझी हुकमी आहे. ढाकेबद्दल मात्र सावध राहा. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिलं. ते ढाकेसाठी प्रसिद्ध होते आणि तू त्यांच्या गोष्टी ऐकतच वाढलास, हे मी जाणतो. पण मानेला हात घालून मारलेली ढाक अर्धवट राहिली तर तू समोरच्याकडे पाठ करून पडतोस, आणि पुन्हा त्याच पाठीच्या गोष्टीवर आपण येतो. धोबीपछाडीचंही तेच. जांघिया धरून होणारे डाव तर सोडूनच दे, कपडा आणि जाळी धरणं नियमात बसत नाही.

खाली पाडलं म्हणजे गुण मिळाले, हाही समज काढून टाक. पंच आधी पाहतात की कुणाच्या ठोशानं आणि पकडीनं समोरच्याला खरी इजा झाली. नुसतं दाबून धरलंस आणि काही केलं नाहीस तर पंच दोघांनाही उभं करतो. पाडल्यावर लगेच कामाला लाग. त्याचं मनगट जमिनीला दाब, पायावर पाय टाकून त्याला उठू देऊ नको, आणि दुसऱ्या हातानं मार. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या आहेत. मॅटवरच्या कुस्तीत तीन मिनिटांच्या दोनच असतात, म्हणजे दम अडीच पट लागतो.

थाप देऊन हार मानण्याबद्दल तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे. आपल्या दंगलीत थाप नावाची गोष्टच नाही, म्हणून ती तुला कमीपणाची वाटते. बापू, कोपराचा सांधा सरळ ताणला गेला की तो तुझ्या हिमतीची वाट पाहत नाही. सरावात लवकर थाप दे, दिवसातून कितीही वेळा दे. खांदा फाटून सहा महिने घरी बसलेल्या पोराला हिमतीबद्दल कुणी विचारत नाही.

डोक्यावर जोराचे ठोसे खायचा सराव रोजचा करू नको. गरगरलं, उलटी झाली, डोळ्यासमोर अंधार आला तर त्या दिवशीच कोचला सांग आणि डॉक्टरकडे जा, पुढचे आठवडे ठोसे बंद. वजनाबद्दलही माझं ऐक. २०१५ च्या डिसेंबरात मनिलाला यांग जियानबिंग हा २१ वर्षांचा चिनी लढवय्या अंगातलं पाणी काढून वजन उतरवताना गेला, लढतीला उतरण्याआधीच. तुझं चालतं वजन जे आहे त्याच्या जवळच्याच गटात लढ. वऱ्हाडाच्या उन्हात वाढलेल्या पोराला पाण्याचं मोल मी काय सांगू?

इथल्या काही जुन्या मंडळींना वाटतं की तू कुस्ती सोडून परक्या मारामारीत गेलास. मला तसं वाटत नाही. अमरावतीचं आपलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी उभं केलं, आणि १९३६ साली त्याच मंडळाची पोरं बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आली. मी त्या मंडळाच्या मैदानावर घाम गाळला आहे. परक्या मैदानावर जाऊन आपली विद्या दाखवणं हे तिथं शिकलेल्या माणसाला नवं वाटत नाही. शिवाय आपल्या वस्तादांच्या तोंडी मल्लविद्येचे चार प्रकार असतात, भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी. त्यातल्या जांबुवंतीत पकडून जखडणं आहे आणि जरासंधीत सांधे मोडणं. ते आपण मातीतून काढून टाकलं होतं, तू ते नव्या नियमांत पुन्हा शिकतो आहेस.

पहिली लढत घ्यायची घाई करू नको. पाठीवरून उठणं आणि मनगट धरून गळा सोडवणं हे दोन्ही दमलेल्या अंगानं, विचार न करता व्हायला लागलं की कोचला सांग, त्याआधी नको. डॉक्टरांची तपासणी झाल्याशिवाय पिंजऱ्यात पाय ठेवू नको. आणि तारीख ठरली की आधी आईला स्वतः फोन कर, मग मला.

तुझा
मामा