काळा धूर : टर्बो गेला की ईजीआर अडकला?



पूर्णेहून झिरो फाट्याकडे जाताना माझी जुनी डिझेल गाडी ओढेनाशी झाली. मागे काळा धूर. गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, पी0299 कोड आला आणि लगेच निकाल, "सर, टर्बो गेला." खर्च ऐकून माझंच पिकअप गेलं! पाचवीच्या पोरांना मी ज्वलन शिकवतो. म्हटलं, आधी आपणच तपासू.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर मिनिटाला लाखभर फेरे घेणारा पंखा. तो हवा दाबून इंजिनात भरतो. ईजीआर व्हॉल्व्ह मात्र थोडा धूर परत इंजिनात सोडतो. त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. आता गंमत बघा. टर्बोची हवा कमी पडली काय किंवा ईजीआर काजळीनं उघडाच अडकला काय, ऑक्सिजन कमीच पडणार. कंदिलाची वात वाढवली की काच काळवंडते, तेच हे.

पी0299 एवढंच सांगतो की हवेचा दाब हवा त्यापेक्षा कमी आहे. का कमी, ते आपण शोधायचं. अंगात ताप आहे म्हणून कुणी थेट टायफॉइडचं औषध देत नाही ना?

चावी चालू, इंजिन बंद ठेवून स्कॅनरवर दाब पाहा. आपल्याकडे तो 100 किलोपास्कलच्या जरा खाली, म्हणजे बाहेरच्या हवेइतका दिसला पाहिजे; फार वेगळा असेल तर सेन्सरवरच संशय घ्या. मग टर्बोपासून इंजिनापर्यंतचे होज हातानं चाचपा. तेलकट काळा डाग किंवा वेग वाढवताना येणारा फुस्स आवाज ही गळतीची खूण. त्यानंतर ईजीआर. टर्बो सगळ्यात शेवटी, इंजिन थंड असताना : दांडा आडवा किंचित हलला तर चालतं, पण आत-बाहेर सरकायला नको आणि पाती घासलेली नकोत. धूर निळा असेल तर गोष्ट वेगळी, तिथं ऑइल जळतंय.

माझ्या गाडीत क्लिपखाली होजला बोटभर चीर निघाली. होज बदलला, गाडी ओढू लागली, धूर मात्र पुरता थांबला नाही. ईजीआर उघडला तर काजळीचा थर. व्हॉल्व्ह मिटतच नव्हता. घर-शाळा-बाजार एवढ्याच फेऱ्या, इंजिन धड तापतच नाही, दुसरं काय होणार! साफ केल्यावर धूर गेला. पत्रा लावून ईजीआर बंद करण्याचा सल्लाही मिळाला होता. तो ऐकू नका, न दिसणारं प्रदूषण त्यानं वाढतं.

वर्गात मी एका नळीला गुपचूप भोक पाडून पुढे फुगा बांधला आणि पोरांना फुंकायला दिलं. पहिलंच उत्तर आलं, "सर, फुगाच खराब आहे!"