शाळेच्या गोष्टीआडचं युद्ध

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी आर. एफ. क्वांग यांची ‘द पॉपी वॉर’ ही कादंबरी मागते आहे. नायिका शाळकरी आहे, तर घेऊन देऊ का?

उत्तर : इतक्यात नको. सुरुवात फसवी आहे. अनाथ रिन देशपातळीवरची परीक्षा देऊन सिनेगार्डच्या लष्करी विद्यालयात पोहोचते. मग अभ्यास, मत्सर, विक्षिप्त गुरू. इथवर कोणतीही तेरा वर्षांची मुलगी रमेल. पण युद्ध पेटतं आणि पुस्तक पार बदलतं. एकविसावं प्रकरण तुम्ही आधी वाचाच. त्यातली गोलिन नीस शहराची कत्तल १९३७ साली जपानी सैन्याने चीनमधल्या नानजिंगमध्ये केलेल्या हत्याकांडावर बेतली आहे; बलात्कार आणि बालहत्याही त्यात आहेत. शिवाय अफू आहे, आणि रिन जागं राहण्यासाठी स्वतःला चटके देते. हे सनसनाटीसाठी लिहिलेलं नाही, म्हणूनच ते जास्त पोळतं. सुडाने पेटलेली रिन पुढे स्वतः काय करते, ते पचवायला जाण हवी.

२०१८ ते २०२० दरम्यान आलेली ही त्रयी (पुढचे भाग ‘द ड्रॅगन रिपब्लिक’ आणि ‘द बर्निंग गॉड’) मला फार मोलाची वाटते. विसाव्या शतकातल्या चीनचं दुःख इतक्या धिटाईने मांडणारी फॅन्टसी विरळा. तुम्ही स्वतः ती जरूर वाचा. मुलगी सोळा-सतरा वर्षांची झाली, की तिलाही द्या आणि नानजिंगबद्दल तिच्याशी आधी बोला.