जपानीतून रस्ता सांगायचा तर

मुंबईत शीवच्या एका तरुणीने जपानीचा क्लास मन लावून केला, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन५ ही पहिली पातळीही पास झाली. मिगि म्हणजे उजवीकडे, हिदारि डावीकडे, मास्सुगु सरळ, शिंगोओ सिग्नल, हाशि पूल. सगळी यादी तोंडपाठ.

मग ऑफिसचा एक जपानी पाहुणा शीव स्टेशनला पश्चिमेला उतरला आणि त्याने फोन केला. त्याला पूर्वेला, राणी लक्ष्मीबाई चौकाकडे यायचं होतं. रेल्वेवरचा १९१२ सालचा पूल १ ऑगस्ट २०२४ पासून वाहतुकीला बंद केलेला होता. पुलावरून जाता येणार नाही, एवढंच सांगायचं, पण ‘तोओरेमासेन’ हे क्रियापद तिला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यात तो उलट विचारू लागला: कितवा सिग्नल? रस्त्याच्या कुठल्या बाजूला? क्लासमध्ये पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून उत्तर द्यायचं असे. फोनवर बोट कुठे ठेवणार?

शिक्षकांना विचारलं तर उत्तर मिळालं, “ते सिलॅबसमध्ये नाही, एन४ला या.” म्हणजे पुन्हा फी! जेएलपीटीत कुठल्याच पातळीला तोंडी परीक्षा नसते, हे क्लासवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. जाहिरातीत मात्र ‘फाडफाड जपानी बोला’. तिचा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

आता ती नव्या मुलांना सांगते: सुटे शब्द घोकू नका, अख्खं वाक्य तोंडात बसवा. ‘फुतात्सुमे नो शिंगोओ ओ मिगि नि मागात्ते कुदासाइ’, दुसऱ्या सिग्नलला उजवीकडे वळा. त्यातला ‘ओ’ वळायच्या जागेला लागतो, ‘नि’ दिशेला. ही अदलाबदल हमखास होते. रस्ता संपून समोर भिंत येते ती जागा त्सुकिआतारि, हा शब्द फार उपयोगी. रोज सराव करा, हे तर आहेच. पण तो आपल्या घरापासून स्टेशनपर्यंतच्या रस्त्यावर, मोठ्याने करा, आणि समोर उलटे प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं.

जपानमध्ये बहुतेक गल्ल्यांना नावंच नसतात. पत्ता विभाग आणि ब्लॉकच्या क्रमांकांवर चालतो. त्यामुळे तिथेही माणसं सिग्नल, कोपरा, दुकान, कोबान म्हणजे पोलीस चौकी अशा खुणांनीच वाट सांगतात. मुंबईकराला ही पद्धत शिकवावी लागत नाही, फक्त वाक्यं द्यावी लागतात. तेवढीही न देणाऱ्या क्लासला पैसे कशाचे?

फी भरण्याआधी एक तास वर्गात बसू द्या म्हणावं. मुलं बोलतात की नुसती लिहून घेतात, ते बघा. बसू देत नसतील, तर तिथे पैसे भरू नका.