पैसे तुम्ही दिले, पण कोड कुणाच्या नावावर आहे?



व्हिडिओत मी विचारलं होतं, 'तुमच्या अ‍ॅपचा, वेबसाइटचा मालक कोण?' बहुतेकांचं उत्तर एकच असतं. 'सर, पैसे मी दिले, म्हणजे मालक मीच की!' हे उत्तर चुकीचं आहे. ही चूक मला स्वतःला चांगलीच महागात पडली आहे, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

माझी फजिती

काही वर्षांपूर्वी मी क्लासेससाठी फी आणि हजेरीचं एक छोटं अ‍ॅप बनवून घेतलं. ओळखीतल्या एका हुशार मुलाने ४५,००० रुपयांत ते करून दिलं. अ‍ॅप छान चाललं. पुढे एका मोठ्या क्लासवाल्यांनी ते विकत घ्यायची तयारी दाखवली. रक्कम ठरली, पेढेसुद्धा वाटून झाले. मग त्यांच्या वकिलांनी एकच कागद मागितला: 'कोडची मालकी तुमच्याकडे आहे याचा लेखी पुरावा द्या.'

माझ्याकडे काय होतं? पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'सर, झालं काम' हा मेसेज. तो मुलगा तोवर परदेशी नोकरीला गेला होता. फोन केला तर म्हणाला, 'सर, तोच कोड मी आणखी दोन ठिकाणी वापरलाय, आता कसं लिहून देऊ?' मला राग आला, पण कायद्याने तो बरोबर होता. सौदा मोडला.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. कॉम्प्युटर प्रोग्रॅम त्यात 'साहित्यकृती' म्हणून मोडतो, म्हणजे कथा-कादंबरीच्या रांगेत. कलम १७ प्रमाणे पहिला मालक म्हणजे ते लिहिणारा. अपवाद पगारी नोकराचा: नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा, जर वेगळा करार नसेल तर. पण फ्रीलान्सर तुमचा नोकर नसतो. त्याला पैसे दिले म्हणजे वापरायची परवानगी मिळाली असं फार तर म्हणता येईल. मालकी मिळत नाही.

सोपं करून सांगतो. तुम्ही फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर घेतला तर राहता तुम्ही, पण फ्लॅट विकू शकत नाही. विकायचा तर खरेदीखत लागतं. सॉफ्टवेअरमध्येही हेच आहे. लायसन्स म्हणजे वापरायची परवानगी, आणि असाइनमेंट म्हणजे हक्क कायमचे लिहून देणं, म्हणजेच खरेदीखत.

हे काम शिस्तीत कोण करतं?

गंमत अशी की कागदपत्रांची सगळ्यात कडक शिस्त फुकट सॉफ्टवेअर वाटणाऱ्यांकडे बघायला मिळते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था काढली. तिच्या ग्नू प्रकल्पाचा ईमॅक्स हा प्रोग्रॅमरांचा एडिटर जगभर वापरला जातो. त्याला जोडायच्या छोट्या पॅकेजांचं एक अधिकृत भांडार आहे, ग्नू एल्पा. ही पॅकेजं त्यांचे लेखक बऱ्याचदा आपापल्या ठिकाणी, बाहेरच्या साइटवर सांभाळतात, आणि तिथून कोड भांडारात येतो.

कोड कुठेही ठेवा, पण ग्नू एल्पामध्ये यायचं असेल तर अट एकच: मोठं योगदान देणाऱ्या प्रत्येकाने आपला कॉपीराइट फाउंडेशनला लिहून द्यायचा. फक्त मुख्य लेखकाने सही करून भागत नाही.

का बरं? सातबारा डोळ्यासमोर आणा. उताऱ्यावर वीस नावं असतील तर जमीन विकायला वीस सह्या लागतात. एक भाऊ दुबईत, एक चुलता रुसलेला, की व्यवहार अडकलाच. सॉफ्टवेअरचा परवाना कुणी मोडला आणि कोर्टात जायची वेळ आली, तर सगळे हक्क एका नावावर असणं फार सोयीचं. बदल्यात फाउंडेशन दोन गोष्टी देतं. सॉफ्टवेअर कायम मुक्तच राहील असं वचन, आणि लेखकाला स्वतःचा कोड हवा तसा वापरायची परत परवानगी. 'दिलं आणि हातातून गेलं' असं होत नाही.

त्यांच्या नियमांतून शिकण्यासारख्या चार गोष्टी

१. *छोटं आणि मोठं वेगळं.* साधारण १५ ओळींपेक्षा कमी बदल असेल तर कागद लागत नाहीत. ईमॅक्ससोबत येणाऱ्या ऑर्ग मोड या पॅकेजात अशा बदलाच्या नोंदीत 'टायनीचेंज' असा शब्द लिहायची पद्धत आहे. पण एकाच माणसाचे असे छोटे बदल साठत गेले तर त्यांची बेरीज धरतात. आज दहा ओळी, उद्या दहा ओळी, झाल्या की वीस!

२. *आधी कागद, मग कोड.* बाहेर सांभाळलेल्या पॅकेजात खरी अडचण इथेच येते. कुणी तरी चांगली दुरुस्ती पाठवतो, लेखक खुशीत ती जोडून टाकतो, आणि सही राहून जाते. नंतर त्या माणसाला शोधा, नाहीतर तेवढा भाग नव्याने लिहा. म्हणून सुज्ञ लेखक योगदानाचे नियम पहिल्याच पानावर लिहून ठेवतात.

३. *नोकरी करणाऱ्याकडून मालकाचाही कागद.* प्रोग्रॅमर कुठे नोकरीला असेल तर 'या कोडवर आमचा दावा नाही' असं पत्र त्याच्या कंपनीकडून मागितलं जाऊ शकतं. नोकरी सांभाळून रात्री स्वतःचं अ‍ॅप बनवणाऱ्यांनो, ही ओळ दोनदा वाचा! तुमच्या नेमणूकपत्रात 'नोकरीच्या काळात जे काही बनवाल ते कंपनीचं' असं कलम आहे का, ते आजच बघा.

४. *ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी दुसरं दार.* नॉन-ग्नू एल्पा नावाचं वेगळं भांडार आहे. तिथे हक्क लिहून द्यावे लागत नाहीत, पण परवाना मुक्त आणि जीपीएलशी जुळणारा हवा. ऑर्ग मोडने २०२१ मध्ये ९.५ आवृत्तीच्या वेळी आपला 'कॉन्ट्रिब' हा भाग वेगळा काढला आणि तो या दुसऱ्या भांडारात गेला.

सगळेच असाइनमेंट मागतात असं नाही. लिनक्स कर्नलमध्ये २००४ पासून प्रत्येक जण 'हा कोड द्यायचा मला अधिकार आहे' अशा अर्थाची एक ओळ नावासकट जोडतो, हक्क मात्र त्याच्याकडेच राहतात. ग्नूच्याच जीसीसी प्रकल्पानेही २०२१ मध्ये सक्ती सोडून हा पर्याय खुला केला. म्हणजे पद्धत कोणतीही चालेल. 'कोणी काय दिलं' याची नोंद नसणं मात्र चालत नाही.

आता तुमच्या धंद्याचं बघू

डेव्हलपरकडून काम करून घेताना कलम १९ लक्षात ठेवा. हक्क लिहून देणं लेखीच हवं आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी. तोंडी शब्दाला इथे किंमत नाही. त्या कागदात या गोष्टी स्पष्ट लिहा:

• कोणतं काम: अ‍ॅपचं नाव, आवृत्ती, कोड कुठे ठेवला आहे
• कोणते हक्क: वापरणं, बदलणं, विकणं, दुसऱ्याला देणं
• किती काळ: लिहिलं नाही तर कायदा फक्त ५ वर्षं धरतो
• कोणत्या प्रदेशात: लिहिलं नाही तर फक्त भारत
• मोबदला किती आणि कसा
• हक्क वर्षभर वापरले नाहीत तरी रद्द होणार नाहीत, असं एक वाक्य. ते नसेल तर ज्या तारखेला हक्क मिळाले त्यापासून एका वर्षात न वापरलेले हक्क परत जाऊ शकतात.

आणखी एक. तुमच्या डेव्हलपरने मुक्त सॉफ्टवेअरची कोणती पॅकेजं वापरली, त्यांचे परवाने कोणते, याची यादी मागून घ्या. तो भाग त्याचा नाही, त्यामुळे तो तुम्हाला लिहूनही देऊ शकत नाही. आणि जीपीएलसारख्या परवान्याचा कोड आत असेल तर तुमचं सॉफ्टवेअर दुसऱ्याला देताना सोर्स कोड देण्याची अट लागू होऊ शकते. हे विक्रीच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

आणि डेव्हलपरवर अन्याय नको. तो म्हणाला, 'माझा जुना तयार कोड यात आहे, तो मी इतरांनाही देतो,' तर ते मान्य करा. त्या भागाचं कायमचं लायसन्स घ्या, नव्याने लिहिलेल्या भागाची मालकी घ्या. माझ्या त्या मुलाशी मी सुरुवातीलाच एवढं बोललो असतो, तर ४५,००० ऐवजी ५५,००० गेले असते. पण सौदाही झाला असता, आणि आमची ओळखही टिकली असती.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्यासाठी आजवर कुणी कुणी काय बनवलं, याची यादी करा: लोगो, वेबसाइट, अ‍ॅप, जाहिरातीचे व्हिडिओ, सगळं.
२. प्रत्येकासमोर लिहा: लेखी कागद आहे की नाही.
३. जिथे 'नाही' आहे, त्या माणसाला संबंध गोड असतानाच फोन करा. मसुदा वकिलाला दाखवा आणि मगच सही घ्या.

यादी करताना कुठे अडलात तर खाली विचारा, पुढच्या व्हिडिओत तुमचेच प्रश्न घेतो. तोपर्यंत धंदा करा, पण कागद करून करा!