नदीतील मासेमारीसाठी हवेच्या होडीची निवड

भीमा, गोदावरी, कृष्णा यांसारख्या दख्खनच्या नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उरलेल्या काळात डोह, खडक व उथळ पाणी अशा तुकड्यांत विभागल्या जातात. एका डोहातून दुसऱ्या डोहात लाकडी होडी नेणे हे चार माणसांचे काम होऊन बसते. घडी घालून सायकलवर किंवा डोक्यावर नेता येणारी हवेची होडी अशा ठिकाणी सोयीची ठरते. मात्र तिची निवड डोळसपणे झाली नाही, तर पैसा वाया जातो आणि प्रसंगी जीवही धोक्यात येतो. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व मासेमारी करणाऱ्या शेतकऱ्यांनी पुढील गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

साधन जुने, रूप नवे

हवेच्या आधारे पाण्यावर तरंगण्याची युक्ती नवी नाही. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातील असीरियन शिल्पांत फुगविलेल्या कातड्याच्या आधाराने नदी पोहून जाणारे लोक कोरलेले आहेत. पंजाबातील नद्यांवरही फुगविलेली कातडी उतारासाठी वापरली जात. इ. स. १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत सापडली आणि पुढे रबरी कापडाच्या होड्या होऊ लागल्या.

आपल्याकडे जलाशयावर मालमोटारीची ट्यूब फुगवून तिच्यावर बसून जाळी लावणारे अनेक जण आढळतात. ही ट्यूब स्वस्त असते. परंतु तिच्यात हवेचा एकच कप्पा असतो. एक काटा लागला की आधार संपला. पाय सतत पाण्यात राहतात, आणि जाळे पायांत अडकल्यास सुटका करून घेणे कठीण जाते. हवेची होडी घ्यावयाची ती मुख्यतः हा धोका टाळण्यासाठी होय.

कप्पे आणि भार

होडीच्या कडेच्या नळीत परस्परांपासून वेगळे असे किमान दोन कप्पे असावेत. तीन असल्यास अधिक चांगले. प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र झडप असली पाहिजे.

होडी किती भार पेलेल, याचा अंदाज शेतकऱ्यास स्वतः काढता येतो. नळीचा व्यास मीटरमध्ये मोजावा, त्यास त्यानेच गुणावे, मग ०.७८५ ने गुणावे आणि शेवटी नळीच्या एकूण लांबीने गुणावे. येणारे उत्तर घनमीटरमध्ये असते, आणि एक घनमीटर हवा गोड्या पाण्यात सुमारे १,००० किलो भार उचलते. उदाहरणार्थ, नळीचा व्यास ०.३५ मीटर व एकूण लांबी ६.५ मीटर असल्यास आकारमान सुमारे ०.६२५ घनमीटर, म्हणजे उचल ६२५ किलो होते. दोन सारख्या कप्प्यांपैकी एक फुटल्यास उरते ती सुमारे ३१२ किलो. अशा होडीत दोन माणसांचे १३० किलो, ओल्या जाळ्याचे ३०, मासळीचे ४० आणि होडीचे ३५ असे २३५ किलो वजन झाले, तर एक कप्पा गेला तरी ती बुडणार नाही. नियम असा की, सर्वांत मोठा कप्पा निकामी झाल्यावर जी उचल उरते, तिच्यापेक्षा भार नेहमी कमी असावा. होडीवर छापलेली भारमर्यादा याहून कमी असल्यास तीच पाळावी.

कापड आणि तळ

नुसत्या प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याची होडी ही मुलांच्या खेळातील वस्तू होय. मासेमारीस ती घेऊ नये. आत पॉलिस्टरचे विणलेले कापड व दोन्ही बाजूंस पीव्हीसीचा लेप असलेले, सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचे कापड सर्वसाधारण कामास पुरते. कृत्रिम रबराचा लेप असलेले कापड उन्हात अधिक वर्षे टिकते, पण महाग पडते.

आपल्या नद्यांवर होडीचे शत्रू तीन: काठावरील बाभळीचे काटे, काळ्या खडकाची धार आणि शिंगाळ्यासारख्या माशाच्या परांतील टणक काटा. म्हणून तळाच्या कापडावर जादा पट्टी असलेली होडी निवडावी, आत लाकडी फळ्यांचा किंवा टणक फुगणारा तळ असावा, आणि मासळी ठेवण्यास झाकणाचे पिंप किंवा जाड टोपली न्यावी. होडी काठावर ओढत नेऊ नये. दोघांनी उचलून न्यावी.

खरेदीपूर्वीची परीक्षा

होडी दुकानातच पूर्ण फुगवून घ्यावी. सांधे व झडपा यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आल्यास ती होडी परत करावी. शक्य असल्यास ती चोवीस तास तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तपासावी. रात्रीच्या गारव्याने हवा आकसते व होडी मऊ लागते. ती गळती नव्हे. वल्ही, वल्ह्यांच्या कड्या, पंप, दाबमापक व दुरुस्तीचे साहित्य सोबत मिळते काय, हेही पाहावे.

ऊन आणि दाब

कडेच्या नळ्यांत साधारणतः दर चौरस इंचास ३ पौंड दाब ठेवतात. निर्मात्याने वेगळा आकडा दिला असल्यास तोच पाळावा. सकाळी २० अंश सेल्सिअसला ३ पौंड दाबाने फुगविलेली होडी दुपारी काठावर ४५ अंशापर्यंत तापली, तर दाब जवळजवळ साडेचार पौंडांवर जातो. त्याने सांधे उसवतात. म्हणून होडी काठावर ठेवताना थोडी हवा सोडावी व ती सावलीत ठेवावी. उलट, तापलेली होडी थंड पाण्यात उतरविल्यावर मऊ पडते; तेव्हा पुन्हा पंप मारावा.

दुरुस्ती व साठवण

पीव्हीसीच्या कापडास सायकलच्या ट्यूबचे सोल्यूशन धरत नाही. त्यास पॉलियुरेथेनचा गोंद लागतो. ठिगळ छिद्राच्या सर्व बाजूंस किमान ५ सेंटिमीटर पुढे यावे. काम संपल्यावर होडी गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून मगच घडी घालावी. धान्याच्या कोठारात ती ठेवू नये, कारण उंदीर कुरतडतात.

कोठे वापरू नये

पुराच्या पाण्यात व धरणाच्या सांडव्याखाली ही होडी कदापि नेऊ नये. धरणातून पाणी सोडण्याचा भोंगा वाजताच काठ गाठावा. सांगली भागातील कृष्णेप्रमाणे जेथे मगरींचा वावर आहे, तेथे पाण्याशी इतकी सखल असलेली होडी योग्य नव्हे. ती हलकी असल्याने मोठ्या जलाशयावर दुपारचा वारा तिला दूर लोटतो. तेथे सकाळीच काम उरकावे. प्रवाहात नांगर नेहमी पुढील टोकासच बांधावा. मागे किंवा बाजूस बांधल्यास पाणी आत घुसते.

ट्यूबवर बसणाऱ्या मासेमाराजवळ पोहण्याच्या कौशल्याखेरीज दुसरा आधार नसतो. दोन कप्प्यांची होडी आणि अंगावर जीवरक्षक जाकीट हे दोन आधार ती उणीव भरून काढतात. मच्छीमार सहकारी संस्थेच्या सभासदांनी मिळून एक चांगली होडी घेणे, हे प्रत्येकाने एकेक कच्ची होडी घेण्यापेक्षा हितावह ठरेल.